शाल-श्रीफळाचा पगार

दर 5 सप्टेंबरला आमच्या तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात शिक्षकांचा सत्कार होतो. माईकवरून तासभर एकच शब्द कानावर आदळत राहतो : समर्पित. समर्पित शिक्षक, समर्पित सेवा, समर्पित जीवन. मग शाल, श्रीफळ, फ्रेम केलेलं सन्मानपत्र आणि फोटो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वाट्याला अशा चार शाली आल्या. चारही इतक्या पातळ की थंडीत कुणी अंगावर घेत नाही. बायको त्या धूळ बसू नये म्हणून पेटीवर घालते.

पेटी म्हणजे बाजाची पेटी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि पेटी वाजवतो. यातल्या दुसऱ्या गोष्टीचा माझ्या नेमणुकीच्या आदेशात कुठे उल्लेख नाही. साहेबांची भेट असली की स्वागतगीत, 26 जानेवारीला समूहगीत, स्नेहसंमेलनात सगळंच. तेवढ्यापुरती सगळ्यांना पेटी आठवते. एकदा एक अधिकारी अचानक चौथीच्या वर्गात आले. मी पेटी घेऊन बसलो होतो आणि मुलं पुस्तकातली कविता चालीवर म्हणत होती, बोट शब्दाखालून सरकवत. ‘हा तास कशाचा?’ मी म्हटलं, मराठीचा. शेरेबुकात शेरा आला : अध्यापनाकडे लक्ष द्यावे. दोन महिन्यांनी त्याच अधिकाऱ्यांच्या निरोप समारंभाला गाणं बसवायला मलाच बोलावलं, आणि भाषणात मी ‘समर्पित’ होतो.

रडगाणं इथेच थांबवतो. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या एका मास्तरविषयी. नाताळ जवळ आला की त्याची गोष्ट हमखास फिरू लागते, आणि दरवेळी ती चुकीच्या अंगाने सांगितली जाते असं मला वाटतं.

फ्रांत्स ग्रूबर. जन्म 25 नोव्हेंबर 1787, ऑस्ट्रियातलं होखबुर्ग हे खेडं. आईबाप लिननचं कापड विणणारे, घरात पैशाची वानवा. पोराने मागावर बसावं ही बापाची साधी अपेक्षा. गावच्या शाळेतल्या पेटरलेख्नर नावाच्या मास्तरांनी पोराचा कान ओळखला आणि त्याला वाजवायला शिकवलं. पुढे एकदा मास्तर आजारी पडले आणि बारा वर्षांच्या पोराने चर्चमध्ये त्यांच्या जागी ऑर्गन वाजवला, तेव्हा कुठे बाप नरमला अशी आठवण सांगतात. ग्रूबर मास्तरकीची परीक्षा पास झाला आणि 1807 मध्ये साल्झबुर्गजवळच्या आर्न्सडॉर्फ गावात शाळामास्तर म्हणून लागला. 1816 पासून तो शेजारच्या ओबर्नडॉर्फच्या सेंट निकोलाउस चर्चमध्ये ऑर्गनही वाजवू लागला. 24 डिसेंबर 1818 रोजी तिथले तरुण सहायक पाद्री योझेफ मोर यांनी त्याच्या हातात स्वतःची एक कविता ठेवली आणि दोन आवाज, कोरस आणि गिटार एवढ्यावर बसेल अशी चाल मागितली. संध्याकाळपर्यंत चाल तयार होती. आज ते गाणं तीनशेहून जास्त भाषांत आहे. आपल्याकडे ज्यांचा चर्चशी काही संबंध नाही तेही ‘सायलेंट नाइट’ म्हणून ते गुणगुणतात.

ही गोष्ट सांगणाऱ्यांना दोन गोष्टी फार आवडतात. एक म्हणजे उंदीर. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून ऐनवेळी गिटार घ्यावी लागली, असं रंगवून सांगतात. 1854 मध्ये ग्रूबरने स्वतःच्या हाताने या गाण्याची हकीकत लिहून ठेवली आहे, तिच्यात उंदीर कुठेच नाहीत. ते मागून आले. दुसरी आवडती गोष्ट म्हणजे साधा, गरीब, निरपेक्ष मास्तर, ज्याने काही न मागता जगाला एवढं देऊन टाकलं. माझं भांडण या दुसऱ्या उंदराशी आहे.

कारण ग्रूबर हौस म्हणून, फावल्या वेळात, निव्वळ भक्तीपोटी संगीत करत होता हे खरं नाही. ते त्याच्या नोकरीत लिहिलेलं काम होतं. त्या मुलखात खेड्यातल्या शाळामास्तराची जागा म्हणजे एकात तीन जागा : मुलांना शिकवायचं, चर्चमध्ये ऑर्गन वाजवून गाणाऱ्यांना सांभाळायचं आणि मेस्नर म्हणून राबायचं. मेस्नर म्हणजे चर्चचा सेवेकरी. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, वेदीचं सामान मांडणं, मर्तिकाला आणि लग्नाला पाद्रींच्या मागे उभं राहणं, हे सगळं त्याच्याकडे. महाराणी मारिया थेरेसाने 1774 मध्ये शाळा सक्तीची केली, पण त्या चालवायच्या कशा याचं गावोगावचं उत्तर हेच निघालं. मुलांच्या फीमधून मास्तराचं पोट भरेना, म्हणून चर्चच्या कामाची मिळकत त्याला जोडून दिली. या जोडकामाचा एक परिणाम कुणी ठरवून घडवलेला नव्हता : मास्तर व्हायचं तर वाजवता आलंच पाहिजे. ज्याला वाजवता येत नाही त्याला गाव ठेवून काय करणार? म्हणून मास्तर घडवण्याच्या अभ्यासातच ऑर्गन आला, आणि त्या भागातल्या कुठल्याही आडगावातल्या पोराला अक्षरं शिकवणारा माणूस सूर जाणणारा असे. पेटरलेख्नरने ग्रूबरला हेरलं ते याच व्यवस्थेत. तो तसा नेमला गेला होता.

म्हणजे ते सगळं छान होतं का? मुळीच नाही. आर्न्सडॉर्फची जागा ग्रूबरला मिळाली तीच आधीच्या मास्तरच्या विधवेशी लग्न करून. बाई वयाने त्याच्याहून बरीच मोठी. बिऱ्हाड, विधवा आणि नोकरी सगळं एकदम. त्यात प्रेम होतं की नव्हतं ते त्या दोघांना ठाऊक, पण विधवेला निवृत्तिवेतन न देता तिची सोय लावायची गावाची ती स्वस्त युक्ती होती, एवढं उघड आहे.

आंतोन ब्रुकनरचं तर आणखी वाईट. त्याचे वडील शाळामास्तर आणि ऑर्गनवादक, तो बारा वर्षांचा असताना वारले. लिंत्सला मास्तरकीचा अभ्यास करून हा पोरगा 1841 मध्ये विंडहागला मदतनीस शिक्षक म्हणून गेला, तेव्हा सतरा वर्षांचा होता. वर्ग घ्यायचा, पहाटे घंटा वाजवायची, शेतात राबायचं, खतही पसरायचं. त्याचे तिथल्या वरिष्ठ मास्तरशी खटके उडाले आणि 1843 मध्ये त्याची बदली झाली. पुढे याच माणसाच्या सिंफनी युरोपने डोक्यावर घेतल्या. आमच्याकडच्या शिक्षकाला खिचडीचं धान्य मोजताना आणि मतदारयादी घेऊन दारोदार फिरताना पाहिलं की मला विंडहागचं शेणखत आठवतं. फरक एवढाच, की ब्रुकनरच्या हातून ते काम सुटल्यावर त्याला कुणी शाल दिली नाही.

आणि या बाबतीत खुद्द बाखसुद्धा गप्प बसला नव्हता. 1723 पासून तो लाइपझिगच्या थॉमस शाळेचा कांटोर होता : मुलांना गाणं शिकवायचं, शहरातल्या चर्चचं संगीत सांभाळायचं आणि शिवाय लॅटिन शिकवायचं. लॅटिनचे तास त्याने स्वतःच्या खिशातून पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यात घातले. 1730 मध्ये डांत्सिगच्या जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो मिळकतीचा हिशोब मांडतो. साधारण सातशे थालर (तिथलं तेव्हाचं चांदीचं नाणं) सुटतात, पण हवा निरोगी राहिली की मर्तिकं कमी होतात आणि बिदागी बुडते. आदल्या वर्षी असे शंभरावर थालर गेले, म्हणून तो चिडला आहे. जगातला एवढा मोठा संगीतकार लोक पुरेसे मरत नाहीत म्हणून कुरकुरतो, हे वाचून मला पहिल्यांदा हसू आलं आणि नंतर फार बरं वाटलं. त्याला कुणी समर्पित म्हटलं असतं तर त्याने आधी थालर मागितले असते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. शाळेतलं संगीत टिकतं ते कुणाच्या सेवाभावावर टिकत नाही. ते नेमणुकीत लिहिलेलं असेल, शिकवलेलं असेल आणि त्याचे पैसे मोजले जात असतील तर टिकतं. ‘समर्पित’ हा शब्द आपण नेमका तिथे वापरतो जिथे पगार द्यायचा राहून गेलेला असतो.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर गोव्याकडे बघा. तिथे चर्चच्या शाळेतला मेस्त्र हा आपल्या दारचा ग्रूबरच. पोर्तुगीज काळात गावोगावच्या पारोकियाल इस्कोलीत हा माणूस मुलांना अक्षरओळख, प्रार्थना आणि सोल्फेजो शिकवायचा. सोल्फेजो म्हणजे दो-रे-मी हाताने ताल देत तोंडाने वाचणं. ते घोटल्याशिवाय व्हायोलिनला हात लावू द्यायचा नाही, असा त्याचा दंडक. सकाळी वर्ग, रविवारी कोयर, संध्याकाळी कुणाच्या घरी किंवा गावच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लदीन म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना असेल तर बगलेत व्हायोलिन घेऊन तो हजर. नोटेशन वाचता येणारी पोरं गावच्या गावं घडत गेली, आणि त्यातली कितीतरी मुंबईला आली. हिंदी चित्रपटांत वाद्यवृंद मोठा होऊ लागला तेव्हा समोर ठेवलेला कागद वाचून वाजवणारे हात स्टुडिओंना हवे होते, आणि ते गोव्यात तयार होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं ठळक नाव. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये कोयर सांभाळणारे. मुलगा मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात आला, मोठा अरेंजर झाला आणि त्याने प्यारेलालांना व्हायोलिन शिकवलं. 1977 च्या एका चित्रपटातल्या गाण्यात अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर येऊन ज्याचं नाव सांगतो तो माणूस हाच. ती शिष्याने दिलेली गुरुदक्षिणा होती. अख्ख्या देशाला नाव तोंडपाठ, माणूस मात्र कुणाला माहीत नाही.

गोव्याचंही गोग्गोड चित्र मला रंगवायचं नाही. ज्या सत्तेच्या छायेत मेस्त्राचं व्हायोलिन आलं त्याच सत्तेच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, 1736 मध्ये जाहीरनामा काढून लग्नातल्या ओव्या आणि कितीतरी देशी रिवाजांवर बंदी घातली. एका हाताने सूर दिला आणि दुसऱ्याने जात्यावरचा गळा दाबला. ही मुलं सोल्फेजो शिकत होती तेव्हा हिंदू घरातल्या मुलांसाठी त्या इस्कोलीचं दार नव्हतं. त्यांचं गाणं देवळात होतं, आणि तिथे गाणाऱ्या कलावंत घराण्यांना समाजाने काय वागणूक दिली तो निराळा आणि जास्त काळा अध्याय आहे. पुढे मांडो या कोकणी गीतप्रकारात व्हायोलिन आणि घुमट हे देशी तालवाद्य शेजारी बसले, ते लोकांनी बसवले. तरीही व्यवस्थेपुरतं बोलायचं तर मुद्दा उरतोच : प्रत्येक गावात सूर वाचता येणारा एक नेमलेला शिक्षक असला की दोनतीन पिढ्यांत काय होतं, याचा पुरावा मुंबईच्या प्रत्येक जुन्या ध्वनिमुद्रणात ऐकू येतो.

घाटावर आपल्याकडे हे काम शाळेबाहेर होत आलं. गावचं भजनी मंडळ, सप्ताह, पखवाज शिकवणारे बुवा. आळंदीला जोग महाराजांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून कीर्तनकार आणि मृदंगी गावोगाव पसरले. मी पेटी शिकलो ती शाळेत नाही, विठ्ठलाच्या देवळात, एका शिंप्याकडून. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. हात चुकला की ते शिलाईची पट्टी बोटावर हळूच टेकवायचे, मारायचे नाहीत. म्हणून लोक मला विचारतात, की देवळात फुकट मिळतंय तर शाळेत कशाला? उत्तर सोपं आहे. आबांच्या देवळात माझी बहीण पेटीला बसली नाही. वेशीबाहेरची पोरं पायरीवर बसून ऐकायची. देऊळ आणि चर्च आपापल्या माणसांना शिकवतात, आणि त्यातही निवडक माणसांना. शाळेच्या हजेरीपटावर मात्र गावातलं प्रत्येक पोर असतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी निदेशक द्यायला सांगतो, तेही अंशकालीन. पहिली ते पाचवीला तेवढंही नाही. शंभराखालच्या शाळांनी काय करायचं? आमच्या भागात तर बहुतेक शाळा शंभराखालच्याच. आणि ‘कला’ या एका शब्दात चित्र, नाच, गाणं, नाटक सगळं कोंबलेलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेबद्दल मजकूर भरपूर आहे, सगळ्या विषयांत कला मिसळा असं ते सांगतं. मिसळायची कुणी? सकाळी परिपाठ घेणाऱ्या, दुपारी आहाराची नोंद ऑनलाइन भरणाऱ्या त्याच एका माणसाने. याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपू नका असं सांगतं आणि लगेच जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही दारं उघडी ठेवतं. ऑस्ट्रियात 1868 आणि 1869 च्या शाळा कायद्यांनी शाळेवरची चर्चची देखरेख संपवली आणि घंटा-मेणबत्त्यांचं जू मास्तरच्या मानेवरून उतरत गेलं. आपल्या मास्तरच्या गळ्यातली घंटा अजून आहे. काढून घेतलं ते फक्त वाद्य.

यावर माझ्याच स्टाफरूममधून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मी स्वतःही एकेकाळी केलाय : पोरांना अजून धड वाचता येत नाही आणि तुम्हाला गाणं सुचतंय. मी पहिली-दुसरी बरीच वर्षं शिकवली. जे पोर धड्यातल्या प्रत्येक शब्दावर अडखळतं तेच पोर चालीवरची कविता बोट ठेवून म्हणतं तेव्हा चाल त्याला पुढच्या शब्दावर ढकलते. सम यायच्या आत तिथे पोचावंच लागतं. दहाव्या वेळी ते पाठ म्हणतंय की वाचतंय हे त्यालाही कळत नाही, आणि विसाव्या वेळी ते खरंच वाचत असतं. हे मी कुठल्या अहवालातून सांगत नाही, चाळीसएक पोरांच्या बोटांवरून सांगतो. ग्रूबर, पेटरलेख्नर आणि मेस्त्र यांनाही ही युक्ती सापडली असणार, कारण एकाच माणसाच्या एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात वाद्य होतं. संगीताचा वेगळा, आठवड्यातून एकदा येणारा माणूस नेमून ही गोष्ट पूर्ण होणार नाही हे मला मान्य आहे. म्हणून माझी मागणी दुहेरी आहे : प्रत्येक केंद्रात, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटात, एक पूर्णवेळ, कायम संगीतशिक्षक जो केंद्रातल्या सगळ्या शाळा फिरेल, आणि डी.एड.च्या अभ्यासात प्रत्येक शिक्षकाला एक वाद्य किंवा निदान सुरात समूहगीत घेण्याची परीक्षा. पास व्हावं लागेल अशी परीक्षा. लिंत्समधल्या सोळा वर्षांच्या पोरांना ती देता येत होती.

दुसरा आक्षेप जास्त हळवा आहे, आणि त्याला उत्तर देणं मला जड जातं. लोक म्हणतात, पैसे दिले की मग समर्पण कुठे राहिलं? खरं आहे, ग्रूबरने ती चाल पैशासाठी केली नाही. त्या गाण्याचं त्याला काही मिळालंही नाही. ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कारागिरामार्फत ते टिरोलला गेलं, तिथल्या गाणाऱ्या कुटुंबांनी जगभर नेलं आणि टिरोलचं लोकगीत म्हणून छापलं गेलं. छत्तीस वर्षांनी बर्लिनच्या राजदरबारच्या संगीतविभागाने साल्झबुर्गला चौकशी केली, की हे गाणं साल्झबुर्गचे जुने संगीतकार मिखाएल हायडन यांचं का? तो प्रश्न फिरत फिरत ग्रूबरपर्यंत आला. तोवर तो हालाइन या मिठाच्या खाणीच्या गावात होता, तिथल्या चर्चचा संगीतप्रमुख. सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याने 30 डिसेंबर 1854 रोजी टाक घेतला आणि हकीकत लिहिली. तक्रार नाही, हक्काची मागणी नाही. स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी : ऑर्गनच्या कामावर बदली, म्हणजे दुसऱ्याच्या जागी, असलेला, त्याच वेळी आर्न्सडॉर्फचा शाळामास्तरही असलेला फ्रांत्स ग्रूबर.

मी ते वाक्य बरेचदा वाचलंय. जगाला गाणं देऊन छत्तीस वर्षं झाल्यावरही त्याला स्वतःचा हुद्दा बिनचूक सांगावासा वाटला. बदलीवर होतो, आणि मास्तर होतो. त्याने स्वतःला भक्त म्हटलं नाही. नोकरी सांगितली. सेवाभाव असतोच, आणि तो माणसाच्या आतला खाजगी मामला आहे. तो जाहिरातीत लिहिता येत नाही, मोजता येत नाही आणि मागता तर अजिबात येत नाही. सरकारला लिहिता येतो तो हुद्दा.

आर्न्सडॉर्फच्या त्या शाळेत अजून वर्ग भरतात, वरच्या मजल्यावर ग्रूबरचं छोटं संग्रहालय आहे. आमच्या शाळेतली पेटी स्टीलच्या कपाटाशेजारी असते. तिची मधल्या सप्तकातली कोमल नी दाबली की वर येत नाही, म्हणून मी तिच्याखाली काडेपेटीची काडी खोचून ठेवली आहे. नी आली की मुलं माझ्या बोटाकडे बघतात आणि आपणहून तो सूर जरा मोठ्याने म्हणतात, पेटीची उणीव भरून काढल्यासारखा. दुरुस्तीसाठी मी सादिलातून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशांतून, साडेसहाशे रुपये मागितले होते. वाद्य-दुरुस्ती असं शीर्षच नाही, म्हणून मागणी परत आली. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. तेव्हा पाचवी शाल येईल.